वैजयंतीची चाल

लग्नघरातला सगळ्यांत बेभरवशाचा माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगेन, मामा. आचारी वेळेवर येतो, गुरुजी वेळेच्या आधी येतात, नवरदेव तर आदल्या दिवसापासून नटून बसलेला असतो. नवरीला हात धरून मांडवात आणायचं ज्याचं काम, तो मामा मात्र ऐन वेळी सापडत नाही. तासगावात विटा रस्त्याला माझं मंगल कार्यालय आहे. उभा जन्म मी दुसऱ्यांची लग्नं बघण्यात घालवलाय, तेव्हा या विषयावर माझा शब्द शेवटचा मानायला हरकत नसावी. शिवाय मी स्वतः असलाच मामा होऊन गेलोय.

माझ्या बहिणीच्या मुलीचं, पल्लवीचं लग्न आमच्याच कार्यालयात होतं. अंतरपाट धरलेला, त्याच्या एका बाजूला नवरदेव हार घेऊन उभा, माझी बायको वैजयंती माईकसमोर मंगलाष्टकं म्हणतेय, आणि नवरीला खोलीतून आणायचं तो मामा, म्हणजे मी, मागच्या अंगणात जनरेटरला शिव्या घालत बसलेलो. वीज गेली होती आणि जनरेटर आचके देत होता. तो बंद पडला की माईकही बंद पडणार, या काळजीत मी आपण कार्यालयाचे मालक आहोत एवढंच लक्षात ठेवलं आणि आज आपण मामाही आहोत हे साफ विसरून गेलो.

शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं. तिसऱ्या ओळीला वैजयंतीनं मान वळवून पाहिलं तर नवरीचा पत्ता नाही. गुरुजींनी डोळ्यांनीच खुणावलं, चालू ठेवा. मग तिनं ती ओळ संपवलीच नाही. शेवटच्या अक्षरावर आलाप घेतला, तो खाली उतरवला, जरा थांबली आणि खालून वर जाणारे लांबलचक सूर लावले. आता 'सावधान' येणार म्हणून लोकांनी अक्षतांच्या मुठी उचलल्या होत्या, त्या तशाच हवेत राहिल्या. मला बोलवायला कुणी आलं होतं असं आठवत नाही. मी आपला उठलो, पळत खोलीत गेलो, भाचीचा हात धरला आणि तिला मांडवात आणून उभी केली. तिच्या शेल्यावर माझा ऑइलचा पंजा उठला तो काही केल्या निघाला नाही. मी पोचलेला पाहून वैजयंतीनं चौथी ओळ घेतली आणि लग्न लागलं.

कुणीतरी या सगळ्याचा व्हिडिओ काढला होता. काळ्या हातांनी पळत येणारा मामा लोकांना इतका आवडला की तो व्हिडिओ घराघरांत गेला. आणि माझ्याबरोबर वैजयंतीची चालही गेली. ती तिची स्वतःची चाल. भूपासारखी सुरू होऊन तिसऱ्या ओळीत भलतीकडंच वळणारी, तिनं घरात तांदूळ निवडता निवडता बसवलेली. वर्षभरात ती चाल सांगलीत ऐकू आली, मग साताऱ्यात, मग नाशकात. मंगलाष्टकांच्या शिकवण्या घेणाऱ्या बायका ती शिकवू लागल्या. वैजयंतीला त्याचं कौतुकच होतं. "म्हणू देत की. लग्नंच लागायलीत ना माझ्या चालीवर?" असं ती म्हणायची.

पुढं 'शुभस्वर' आलं. दोन्हीकडच्या मंडळींची नावं सांगितली की हे यंत्र नवं कोरं मंगलाष्टक रचायचं आणि तुम्ही म्हणाल त्या आवाजात गायचं. गेलेल्या आजोबांचा जुना आवाज दिला तर आजोबा नातवाचं मंगलाष्टक म्हणायचे आणि आज्या पदराला डोळे पुसायच्या. लाखो लग्नांची रेकॉर्डिंगं ऐकून ते शिकलं होतं. शब्द दरवेळी निराळे असले तरी चाल जवळपास एकच असे, आणि ती कुणाची हे मला आणि वैजयंतीला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. नक्कल करायला पैसा पडत नाही, आणि नकलेची नक्कल करणाऱ्याला मूळ माणसाचं नावही माहीत नसतं.

मग तो निर्मितीवाटा कायदा झाला. यंत्रानं गायलेल्या, काढलेल्या, लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीचे जे पैसे जमतील, त्यातला वाटा ज्यांच्या कामावर ते यंत्र शिकलं त्यांना द्यायचा, असा तो कायदा. ऐकायला सरळ आहे, पण कुणाचा किती वाटा हे ठरवायचं कसं? ते ठरवणारी जी पद्धत पुण्यात तयार झाली तिचं नाव 'वाटेकरी', आणि ती तयार करणाऱ्यांत आमची एकुलती एक मुलगी गार्गी होती. मी गावभर पेढे वाटले.

वाटेकरीचा डबा आमच्या कार्यालयात बसवायला गार्गी स्वतः आली. डबा म्हणजे जेवणाच्या डब्याएवढाच. कार्यालयात जे वाजेल ते तो ऐकायचा, कुणाचा किती वाटा ते काढायचा आणि स्टेजवरच्या पाटीवर दाखवायचा, कारण लोकांना कळलं पाहिजे असं कायदाच सांगत होता. मी विचारलं, हे त्याला कळतं कसं? तर ती मला भटारखान्यात घेऊन गेली. आचारी आमटी ढवळत होता.

"पप्पा, यंत्र म्हणजे हा काळा मसाला समजा," ती म्हणाली. "लाखो लोकांची गाणी एकत्र कुटलीत. आता दगडफुलाचा वाटा किती, हे नुसत्या मसाल्याकडं बघून कळेल का? नाही. पण दगडफूल न घालता तोच मसाला पुन्हा कुटला आणि आमटी केली, तर चवीत जेवढा फरक पडला तेवढा दगडफुलाचा वाटा. मग खोबरं वगळून बघायचं, मग धने. तसं आम्ही एकेका माणसाचं काम वगळून यंत्राचं गाणं किती बदलतं ते बघतो. दरवेळी पुन्हा कुटत नाही हां, गणितानं अंदाज काढतो. पण अंदाज पक्का असतो."

आचाऱ्याला हे लगेच पटलं. मला पटायला दोन वाट्या आमटी लागली.

पाटी सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे मजेत गेले. यंत्राचं मंगलाष्टक वाजलं की नावांची रांग उमटायची. अमक्या गावचे गायक एवढे टक्के, तमक्या क्लासच्या बाई तेवढे टक्के, बाकी परंपरा. त्यात वैजयंतीचं नाव नसे. मी म्हणालो, नवीन आहे, नाव यायला वेळ लागत असेल.

मग कवठेकरांच्या नातीचं लग्न आलं. कवठेकर आजोबा जुन्या वळणाचे. "मला ते यंत्र नको. आमच्या सगळ्या पोरींची मंगलाष्टकं वैजयंतीवहिनींनीच म्हटलीत, हिचीही त्याच म्हणतील," म्हणाले. वैजयंती हौसेनं नवी नऊवार नेसून आली. पहिलं मंगलाष्टक म्हणून झालं आणि पाटी उजळली. गायिका : वैजयंती मगदूम. चालीतला मूळ वाटा : शून्य. शेरा : नक्कल.

मुलाकडच्या कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं. कुणी हसलं नाही, पण सगळे पाटीकडंच बघत राहिले. वैजयंतीनं दुसरं मंगलाष्टक अर्ध्यात सोडलं नाही, पुरं केलं. मग माईक जागेवर ठेवला, पदर सावरला आणि मागच्या दारानं सरळ घरी निघून गेली. उरलेली मंगलाष्टकं शुभस्वरनं म्हटली, तिच्याच चालीवर.

संध्याकाळी तिनं गार्गीला फोन लावला. मी शेजारीच बसलो होतो.

"आई, यात अपमान कसला?" गार्गी म्हणाली. चिडून नाही, समजुतीनं सांगावं तसं. "तुझी रेकॉर्डिंगं वगळली तरी यंत्राच्या गाण्यात काहीच फरक पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शून्य म्हणजे शून्य. आकड्याला माया नसते, म्हणून तर लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात."

"माझी चाल मीच चोरली होय गं?"

"चोरली कोण म्हणतंय? नक्कल हा नुसता तांत्रिक शब्द आहे."

"बरं. मग तुझ्या लग्नात त्या आकड्यालाच म्हणायला लाव," वैजयंती म्हणाली आणि फोन ठेवला.

गार्गीचं लग्न ठरलेलं होतं. मुलगा निशांत तिच्याबरोबरच शिकलेला, कार्यालय अर्थातच आमचं, आणि मंगलाष्टकं आईच म्हणणार हे तर गार्गी चौथीत असल्यापासून ठरलेलं. आमच्याकडं नवरीच्या आईनं त्या वेळी मांडवात थांबू नये असा जुना रिवाज आहे. तो मोडायचा हे दोघींनी हसत हसत केव्हाच पक्कं केलं होतं. आता त्यावर कुणी अवाक्षर काढेना. वैजयंतीचं घरातलं गुणगुणणंही बंद झालं. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना सदान्‌कदा चालू असणारा तो आवाज थांबला आणि घर मला खायला उठलं. एकीकडं बायको, दुसरीकडं मुलगी, आणि मधे मी दोघींना एकमेकींची खुशाली कळवणारा.

त्यात माझे कान बिघडले. कार्यालयात लग्न चालू असलं की मला वाटायचं वैजयंती बोलावतेय. हातातलं काम टाकून निघायचो आणि दारापर्यंत जाऊन परत यायचो, कारण ती घरी असायची. वयाचा परिणाम, दुसरं काय, असं म्हणून मी सोडून दिलं.

दिवाळीनंतर गार्गी लग्नाचा बस्ता बांधायला आली. साडीच्या दुकानात मायलेकी शेजारी बसल्या, पण बोलल्या दुकानदाराशी. परत आल्यावर गार्गी कार्यालयात माझ्याजवळ येऊन बसली. चेहरा उतरलेला होता.

"पप्पा, आमच्या पद्धतीत खोट आहे असं मला वाटायला लागलंय," ती म्हणाली. "त्या मांडवाकडं बघा. यातला एक खांब काढला तर मांडव पडेल?"

"नाही. बाकीचे धरतील की."

"म्हणजे त्या खांबाचा वाटा शून्य. आमचं गणित असंच बोलतं. पण समजा, बाकीचे सगळे खांब त्याच एका खांबाचं माप घेऊन कापलेत, तर? आईची चाल हजारो जणांनी उचलली. आईला वगळलं तरी त्या हजारांत ती चाल आहेच, त्यामुळं यंत्राला काही फरकच पडत नाही. ज्याची नक्कल सगळ्यांत जास्त झाली, त्यालाच आम्ही सगळ्यांत कमी देतोय."

मला एकदम तिचा अभिमानही वाटला आणि रागही आला. "मग हे आधी नाही सुचलं?"

"नाही सुचलं," ती म्हणाली. "आता आईसकट तिच्या सगळ्या नकला वगळून बघायला पाहिजे. पण त्या तिच्याच नकला आहेत हे सिद्ध कसं करणार? वाट्यांच्या तक्रारी ऐकणारा आयोग म्हणतो ही चाल परंपरेतली आहे, सगळ्यांनी तिथूनच घेतली, तुमच्या आईनंही. जुन्या पोथ्यांचं कसं असतं, की दोन पोथ्यांत एकाच जागी एकच चूक सापडली तर दोन्हींचं मूळ एक, हे ठरतं, कारण बरोबर लिहिलेलं कुठूनही येऊ शकतं, चूक तशी येत नाही. मला आईच्या चालीत अशी एखादी चूक पाहिजे, जी परंपरेत असूच शकत नाही. आणि आईला विचारायला जावं तर ती माझ्याशी..."

तिचं वाक्य अर्धंच राहिलं, कारण मी उठलो होतो. बाहेर पाटणकरांचं लग्न लागत होतं, आणि मला पुन्हा बोलावणं ऐकू आलं होतं. "आलो, आलो," म्हणत मी दारातून बाहेर पडलो तो थेट वैजयंतीवर आदळलो. ती माझा जेवणाचा डबा घेऊन येत होती.

"कुठं निघालात एवढ्या घाईनं?"

"तू हाक मारलीस ना?"

"मी? मी आत्ता गेटातनं आत येतेय."

"मग माझ्या कानांचं काय खरं नाही बघ. रोज असंच होतं. लग्न सुरू झालं की..." एवढं बोलतोय तोवर स्टेजवर शुभस्वरनं पुढचं मंगलाष्टक घेतलं. पाटणकरांच्या वारलेल्या आजोबांचा घोगरा आवाज होता. तिसरी ओळ आली, आलाप खाली उतरला, थांबला, खालून वर चढला, आणि माझा पाय पुन्हा आपोआप उचलला गेला.

"पप्पा, थांबा. हलू नका," गार्गी मागून ओरडली. तिनं भिंतीवरच्या स्पीकरचा आवाज वाढवला. पुढचं मंगलाष्टक, पुन्हा तिसरी ओळ, पुन्हा तेच सूर. समोर नवरी उभी, नवरीचा मामा उभा, कुणाचीही वाट बघायची राहिलेली नाही, तरी यंत्र तेवढं थांबलं आणि सगळी माणसं अक्षतांची मूठ वर धरून उभी राहिली.

वैजयंतीनं डबा खुर्चीवर ठेवला. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग ती हसायला लागली. इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. किती महिन्यांनी मी ते हसणं ऐकत होतो.

"अगं, ती हाकच आहे," ती गार्गीला म्हणाली. हसता हसता ती मुलीशी बोलत नसल्याचं विसरली होती. "पल्लवीच्या लग्नात हे जनरेटरपाशी बसलेले. भर मांडवात, माईकवर, नवऱ्याला ओरडून हाक कशी मारायची? म्हणून मग आलापात घातली. 'अ' खाली, 'हो' वर. अऽहोऽ. रोज सैपाकघरातनं मारते तश्शी."

आम्ही तिघांनी पुढच्या मंगलाष्टकाची वाट बघितली. पाटणकरांचे आजोबा तिसऱ्या ओळीला आले आणि भर मांडवात त्यांनी स्वच्छ सुरात मला हाक मारली, "अऽहोऽ." एकदा कळल्यावर दुसरं काही ऐकूच येईना. पाटणकर मंडळी आदरानं डोळे मिटून उभी होती. आम्ही तोंड दाबून भटारखान्यात पळालो.

तिथं, मोठ्या पातेल्यांच्या मागे, गार्गीनं आईला मिठी मारली. "आई, चुकलं माझं. मी आधी तुला विचारायला पाहिजे होतं. मी आकड्याला विचारलं."

"चुकलंच," वैजयंती म्हणाली. "मला लई लागलं होतं ते. आता रडू नको, पाव्हणे येतील आत."

गार्गीनं मग घरातले सगळे जुने व्हिडिओ काढले. तिचे वाढदिवस, आमची गोव्याची ट्रिप, गणपतीची आरती. जवळपास प्रत्येकात मागं कुठंतरी वैजयंती मला हाक मारत होती. त्या हाकेतला चढ, मधला दम आणि शेवटी सूर जरासा हलवायची तिची खोड, हे सगळं गार्गीनं मोजून मांडलं. पल्लवीच्या लग्नातल्या आलापाशी ते जुळलं. मग तिनं राज्यभरातली मंगलाष्टकं तपासली. पल्लवीच्या लग्नाआधीच्या एकाही रेकॉर्डिंगमध्ये तो आलाप नव्हता. त्यानंतर तो आधी सांगलीत दिसला, मग साताऱ्यात, मग नाशकात, आणि एकेका उचलणाऱ्यागणिक थोडा थोडा झिजत शेवटी शुभस्वरपर्यंत पोचला होता. नकलांची अख्खी वंशावळ उभी राहिली, आणि तिच्या मुळाशी जनरेटर होता.

आयोगापुढं सुनावणी पुण्यात झाली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होत्या, वयस्कर आणि फार बारीक नजरेच्या. शुभस्वरचे वकील कानिटकर म्हणून होते, बोलायला गोड.

"मॅडम, आलाप ही आपल्या सर्वांची परंपरा आहे," ते म्हणाले. "खालून वर जाणारे दोन सूर ही काय कुणाची मालमत्ता असते? आणि हे साक्षीदार तर अर्जदार बाईंचे यजमान. हाक आपल्यालाच होती असं ते म्हणणारच."

अध्यक्षांनी मला विचारलं, "मगदूम, ही हाकच आहे असं तुम्ही कशावरून म्हणता?"

मी उत्तर पाठ करून गेलो होतो. लग्नसंस्था, परंपरा आणि जनरेटर या तिन्हींवर चांगलं बोलणार होतो. "त्याचं असं आहे मॅडम," एवढं मी म्हटलं, आणि कानिटकरांनी आपल्या मुद्द्यासाठी शुभस्वरचा एक तुकडा लावला. कोकणातलं कुठलंतरी लग्न, कोवळ्या मुलीचा आवाज. मी "आलो," म्हणालो आणि उठून दाराकडं चार पावलं टाकली सुद्धा.

सगळी खोली हसली. वैजयंतीनं कपाळाला हात लावला. अध्यक्षाही हसल्या, मग चष्मा सारखा करून म्हणाल्या, "छान. पण हसून निकाल देता येत नाही. तुमच्या मुलीकडं आणखी काही आहे?"

गार्गी उठली. तिनं पोथ्यांचं उदाहरण सांगितलं, वंशावळ दाखवली आणि म्हणाली, "आत्तापर्यंत आम्ही एकच माणूस वगळत होतो. ती माझी आणि माझ्या सहकाऱ्यांची चूक होती. आता आम्ही माणूस आणि त्याच्यापासून निघालेली सगळी शाखा एकदम वगळली आहे. त्यानंतर शुभस्वर कसं गातं ते ऐका."

ते ऐकताना कानिटकरांचाही चेहरा पडला. शब्द सगळे जागच्या जागी होते, आवाज गोड होता, पण यंत्र पाढे म्हटल्यासारखं म्हणत होतं. पहिली ओळ तशी, दुसरी तशी, तिसरीही तशीच, आणि लगेच सावधान. कुणी अक्षता टाकाव्यात असं त्यात काही उरलं नव्हतं. वैजयंतीनं माझा हात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. स्वतःचं काम किती होतं हे माणसाला ते काढून घेतल्यावर असं ऐकायला मिळणं, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. पण मला जास्त आनंद पुढच्या गोष्टीचा झाला. वाटेकरीचं गणितच बदललं, शाखेसकट वगळायची पद्धत सगळ्या राज्याला लागू झाली, आणि शून्याच्या खड्ड्यातून कितीतरी माणसं वर आली. कुणी हलगीचा एक ठेका बसवला होता, कुणी रांगोळीतला मोर पहिल्यांदा तसा काढला होता. त्यांची नावं कुणाला माहीत नव्हती, कारण त्यांचं काम सगळ्यांचंच होऊन बसलं होतं. शुभस्वरनं मधे शहाणपणा करून पाहिला. वाटा कमी द्यावा लागावा म्हणून चालीतून हाक काढून टाकली. लोकांच्या अक्षता भलत्याच वेळी पडू लागल्या, तक्रारी आल्या, आणि त्यांनी मुकाट्यानं हाक परत घातली. वैजयंतीच्या खात्यात पैसे यायला लागले तेव्हा ती म्हणाली, "ते राहू दे. आधी ती पाटी बघू."

ती पाटी तिनं बघितली ती गार्गीच्या लग्नात.

मामा, म्हणजे वैजयंतीचा भाऊ, वेळेवर हजर होता, हे मी मुद्दाम नोंदवतो. मी त्याच्यावर सकाळपासून माणूस ठेवला होता. नवरीची आई मांडवात थांबली म्हणून दोन आत्यांनी नाकं मुरडली आणि मग माईकच्या सर्वांत जवळच्या खुर्च्या त्यांनीच पकडल्या. जनरेटरच्या खोलीला मी कुलूप घालून किल्ली आचाऱ्याकडं दिली होती. मी अंतरपाटाशेजारी, वैजयंतीच्या अगदी समोर उभा होतो.

तिनं सुरुवात केली. पाटी उजळली. चाल : वैजयंती मगदूम. शेरा : मूळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गुरुजींनीही वाजवल्या. तिनं पाटीकडं एकदा बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. एकेक मंगलाष्टक होत गेलं. सुरुवातीच्या मंगलाष्टकांत तिनं तिसऱ्या ओळीचा आलाप नेहमीसारखा घेतला. मी दरवेळी नकळत अंग सावरत होतो आणि निशांत अंतरपाटामागून मला बघून हसत होता.

मग शेवटचं मंगलाष्टक आलं. मांडवातल्या सगळ्यांनी अक्षतांच्या मुठी उचलल्या. ते कुठं थांबतं हे एव्हाना सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. तिसरी ओळ आली, मी तयार झालो, आणि ती थांबलीच नाही. माझ्याकडं बघत बघत तिनं तो आलाप तिथंच वळवला, आजवर कधी ऐकला नव्हता अशा एका सुरावर नेला, आणि थेट चौथ्या ओळीत शिरली. 'सावधान' झालं तेव्हा अर्ध्या लोकांच्या अक्षता मुठीतच होत्या. अंतरपाट खाली आला, गडबडीनं सगळ्यांनी एकदम अक्षता टाकल्या, त्या निशांतवर कमी आणि गुरुजींवर जास्त पडल्या. पाटी जरा वेळ कोरी राहिली आणि मग तिच्यावर अक्षरं उमटली : नवी रचना.

गार्गीनं हार घालता घालता मान उंचावून ते वाचलं आणि आईकडं बघून डोळे मिचकावले. मला मात्र राहवेना. मी गर्दीतून वाट काढत वैजयंतीपर्यंत गेलो.

"अगं, थांबली का नाहीस? सगळे हात वर करून उभे होते."

तिनं माझ्या टोपीवरच्या अक्षता झटकल्या.

"थांबू कुणासाठी?" ती म्हणाली. "तुम्ही समोरच होता की."